जपानला गेलेली रिळं

सोमवार, ७ मार्च १९६६

आज पेपरात त्याचा फोटो आलाय. बो टाय, कोटाला पांढरं कार्नेशन आणि तेच हसू. हॅदरकोटच्या इस्पितळाला नवी इमारत होतेय, तिला मिस्टर ऑब्री क्रूडसन यांचं नाव देणार आहेत. नोव्हेंबरात उद्घाटन. फोटोखाली लिहिलंय, 'हजारो अस्वस्थ जिवांना शांतता देणारे हात.' हात म्हणे! चहाचा कप त्या फोटोवरच ठेवला.

शांतता दिली, हे मात्र खरं. समोरच बसली होती ती, चमचा पुसत. सकाळपासून तोच एक चमचा. फ्लॉसी आता एकेचाळीसची. चोविसाव्या वर्षी क्रूडसनने तिच्या कानशिलांच्या वर दोन भोकं पाडली आणि आत बोथट सुरी फिरवली. त्याआधीची माझी धाकटी बहीण आता या गल्लीत कुणाला आठवतही नाही. दिवसभर गाणारी, भांडणारी, मला मुरिएलऐवजी 'म्यू' म्हणणारी, खाटकाला तोंडावर 'तुमचा तराजू आजारी दिसतोय, डॉक्टरला दाखवा' म्हणणारी. आई गेल्यावर तिचं रडणं थांबेना, ओरडायची, बशा फोडायची. मग कागदावर सही झाली आणि तिला टेबलावर घेतलं. त्याला सतरा वर्षं झाली. आता ती बशा फोडत नाही. 'हो', 'नाही', 'थंडी', एवढंच बोलते.

एक्कावन्न साली मी तक्रार केली होती. इस्पितळाच्या मंडळाने मला बसवून चहा पाजला, बिस्किट दिलं आणि घरी पाठवलं. नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली.

आता नाही सोडायची त्याला. कसं ते ठाऊक नाही, पण ती पाटी लागायच्या आत या गावात त्याची अब्रू चव्हाट्यावर आणणार. लिहून ठेवतेय, म्हणजे मागे फिरायला नको.

मंगळवार, २२ मार्च

नदीकाठच्या जुन्या बंगल्यात ती सिनेमा कंपनी आहे ना, दर तीन महिन्यांनी एक खूनखराबा काढणारी, तिची जाहिरात होती. शस्त्रक्रियेतलं कळणारी नर्स हवी, सल्ल्याला. मी वीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. फ्लॉसीला शेजारच्या मिसेस डॉडकडे बसवलं आणि जाऊन आले.

टेड बॅसेट म्हणून दिग्दर्शक आहे. स्वेटरला भोक, तोंडात विझलेली सिगारेट. म्हणाला, "सिस्टर, मला मोठं काही नको. डॉक्टर लोक थिएटरात हसू नयेत, बस. मागच्या खेपेला आमच्या वेड्या डॉक्टरने मास्क उलटा बांधला होता. तीन पत्रं आली."

सिनेमाचं नाव 'डॉक्टर स्ट्राउडची खोली'. डॉक्टर लोकांच्या मेंदूत सुरी घालतो आणि त्यांना गरीब गाय करून सोडतो. वाचता वाचता मला हसू फुटलं. लंडनच्या कुणा लेखकाने स्ट्राउडचे केस पिंजारलेत, डोळे गरगर फिरवलेत, हसणं गडगडाटी केलंय. डोंबल कळतंय त्याला! खऱ्याचे केस कधी विस्कटत नाहीत. खरा आधी तुमच्या आईची तब्येत विचारतो.

परतीच्या बसमध्ये एकदम डोक्यात आलं आणि अंगावर काटा उभा राहिला. मी देईन ना त्यांना डॉक्टर! नखशिखांत देईन. सिनेमा शरद ऋतूत लागतो, आणि या कंपनीचे सगळे सिनेमे आमच्या गावच्या एम्पायरला लागतात. सगळं हॅदरकोट बघेल. एकाने म्हणायचा अवकाश, 'अरे, हा तर आपला क्रूडसन!' बस. उतरायचा थांबा मागे राहिला, एक मैल चालत आले. पाय दुखले नाहीत.

मंगळवार, १९ एप्रिल

स्ट्राउडचं काम करणारे लेनर्ड फॉइल साठीचे आहेत. आयुष्यभर किनाऱ्यावरच्या नाट्यगृहांत विनोदी कामं केली, आता गुडघे गेल्यामुळे खून करतात. गोड माणूस. आल्या आल्या त्यांनी मला त्यांचा वेडेपणा करून दाखवला, दातओठ खाऊन.

मी म्हटलं, "दात आत घ्या."

"दात नकोत? सिस्टर, प्रेक्षक दातांचे पैसे देतात हो."

"तुम्ही पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताय. हात मागे बांधा. मान कलती. जीभ दोनदा टाळूला लावून चुकचुक करा, कीव आल्यासारखी. आता म्हणा: 'घाबरू नका, अगदी उकडलेल्या अंड्याचं टोक काढावं, तसं आहे हे.'"

त्यांनी म्हटलं. हे वाक्य हॅदरकोटमधल्या निदान शंभर घरांनी ऐकलंय.

मग सगळंच शिकवलं. बो टाय. कार्नेशन. टेबलाशी गुणगुणणं. पेशंट जागा असतो, फक्त कातडी बधिर करतात. त्याला महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावायची, डिसेंबर, नोव्हेंबर अशी. जिथे तो अडखळेल तिथे 'पुरे' म्हणायचं आणि सुरी बाहेर. टेड बॅसेटची सिगारेट तोंडातून पडली. "हे खरं आहे?" म्हणाला. मी म्हटलं, "लिहून घ्या. जूनला अडखळू दे तिला."

"जूनच का?" फॉइलसाहेबांनी विचारलं.

"असंच. कुठेतरी थांबायचंच ना."

त्यांनी पेपरमिंटची पुडी पुढे केली. "सिस्टर, हा माणूस तुम्ही फार जवळून पाहिलाय. तो हे सगळं करत असायचा तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"माझ्या जागेवर. टेबलाच्या डोक्याशी." सिस्टरची जागा तीच असते. यात विचारण्यासारखं काय होतं कळलं नाही.

गुरुवार, २१ एप्रिल

नर्सचं काम एका पोरीला दिलंय. सँड्रा प्राउट. बावीस वर्षांची, गुडघ्याच्या वर वीतभर स्कर्ट, पांढरे बूट, पापण्यांवर एवढाले खोटे केस. मी तिला सांगितलं, बाई, तुला काही करायचं नाही, डॉक्टर मागतील ते हत्यार त्यांच्या हातात ठेवायचं. माझं लक्ष डॉक्टरवर आहे, हिच्यावर कोण वेळ घालवणार?

पण पोरगी चिकट. मी जिथे जाईन तिथे मागे. चहा पिते माझ्याबरोबर, कप माझ्यासारखा धरते.

"सिस्टर, पेशंट घाबरला तर नर्स काय करते?"

"डोकं धरते, हलू नये म्हणून. दोन्ही तळहात गालांवर."

"आणि बोलते काय?"

"काय बोलणार? मी म्हणायचे, 'माझ्याकडे बघ, कोकरा. झालंच.'"

"आणि झालेलं असायचं?"

"नसायचं. पण म्हणायचं असतं."

तिने मान हलवली. तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेली. ढ आहे बिचारी.

मंगळवार, ३ मे

आज ऑपरेशन. एकदा नव्हे, दोनदा. मला ही रीत माहीतच नव्हती. एक सीन इथल्यासाठी सौम्य, आणि लगेच तोच सीन जपानसाठी, रक्ताने न्हाऊन. टेड म्हणाला, "जपानी लोकांना पोटभर लागतं हो. आपला सेन्सॉर म्हणजे आजारी आत्या, सूप पाजावं लागतं."

दोन्ही वेळा फॉइलसाहेबांनी कमाल केली. चुकचुक, गुणगुणणं, अंड्याचं वाक्य, 'पुरे' म्हणतानाचा समाधानी उसासा. हुबेहूब तो. लाइटवाला पोरांचा बाप आहे, तो बाहेर जाऊन उभा राहिला. मी मात्र खुर्चीच्या कडेवर बसून दोन्ही वेळा डोळे भरून पाहिलं. मला इतका आनंद गेल्या सतरा वर्षांत झाला नव्हता. पाप असेल तर असो.

घरी येऊन फ्लॉसीला सांगितलं, "त्याचा घडा भरला हो, फ्लॉस." ती म्हणाली, "थंडी." शाल दिली.

गुरुवार, २६ मे

शूटिंग संपलं. सगळ्यांनी मला एक केक दिला, वर साखरेची कवटी. फॉइलसाहेबांनी निघताना हात हातात घेतला. "सिस्टर, तो जिवंत आहे का हो?" मी हात सोडवून घेतला. "मग देव करो आणि तुम्हाला हवं ते मिळो. मी पन्नास वर्षं नाटकात काढली. ज्याच्यावर टोला असतो तो पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसतो. टोला लागतो भलत्यालाच." म्हातारा आहे, बोलतो.

कपाट आवरताना माझं नर्सचं घड्याळ सापडलं, छातीवर उलटं टाचायचं ते. चावी दिली तर चालू! फ्लॉसीला दाखवलं तर चमचा टाकून मागच्या अंगणात गेली. पूर्वीही असंच करायची. टिकटिक सहन होत नसावी तिला.

गुरुवार, २१ जुलै

सगळा देश फुटबॉलच्या मागे, आणि इथे माझ्यावर आभाळ कोसळलंय. सेन्सॉरचं पत्र आलं. टेडने फोनवर वाचून दाखवलं. कवटीला हत्यार लागताना दिसू नये. ड्रिलचा आवाज नको. आणि 'शस्त्रक्रियेत डॉक्टरला मजा येते आहे, असे कोठेही सूचित होऊ नये.'

मी ओरडले, "अहो, मजा येते हेच तर सांगायचंय!"

"सिस्टर, सिस्टर, शांत व्हा. काही वाया जात नाही. ती रिळं सगळी जपानला जातायत."

"जपानमध्ये कोण ओळखतं त्याला?"

"कुणाला?"

मी सावरून घेतलं. म्हटलं, फॉइलसाहेबांना. म्हणाला, बाकी सिनेमाभर ते आहेतच की, बो टाय आहे, फूल आहे. ऑपरेशनमध्ये तेवढी मधली जागा रिकामी राहतेय, ती कशाने तरी भरून काढू. ठीक आहे. बो टाय पुरे आहे. फूल पुरे आहे. गाव काय आंधळं आहे?

गुरुवार, ४ ऑगस्ट

सँड्राला एका दिवसासाठी परत बोलावलंय, ती रिकामी जागा भरायला. ती घरी आली होती, माझं घड्याळ मागायला. 'खरं असलं की बरं वाटतं' म्हणाली. देऊन टाकलं. नाहीतरी फ्लॉसीला ते घरात नको असतं.

फ्लॉसी दारात उभी होती. सँड्रा तिच्याकडे पाहून हसली, फ्लॉसीही हसली. जाताना पोरगी हळूच म्हणाली, "सिस्टर, पेशंटचं डोकं धरताना तुम्ही त्याच्याकडे बघायचात की दुसरीकडे?" मी म्हटलं, घड्याळाकडे बघायचे, वेळ लिहावी लागते. ती गेली. घड्याळ महिन्याभराने पोस्टाने परत आलं, तेव्हा मी ते स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून दिलं.

(शेवटची ओळ आज, सप्टेंबरात लिहितेय. मधे लिहिण्यासारखं काही झालं नाही.)

मंगळवार, १ नोव्हेंबर

सोमवारी चौदा तारखेला एम्पायरला लागतोय. 'एक्स' शिक्का, सोळाच्या आतल्यांना बंदी. उद्घाटन एकोणीसला. देवाने तारखासुद्धा माझ्या बाजूने लावल्यात! क्रूडसनला पुढच्या रांगेची दोन तिकिटं पाठवली, कंपनीच्या नावाने, 'वैद्यकीय क्षेत्रातील मान्यवरांस सप्रेम'. येणार तो. फुकट आणि मान्यवर म्हटलं की कुठेही येतो.

फ्लॉसीलाही नेणार. तिचा न्याय तिने बघायला नको? मिसेस डॉड म्हणाली, "अगं मुरिएल, त्या बिचारीला असलं काही दाखवतेस?" म्हटलं, तिला काही कळत नाही आणि तरी तिला बघायचंय.

सोमवार, १४ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळचा पहिला खेळ. फ्लॉसीला निळा कोट घातला. तो आला, बायकोबरोबर, बो टाय, कार्नेशन. आमच्या पुढे तीन रांगा. लोक उठून त्याला नमस्कार करत होते.

फॉइलसाहेब पडद्यावर आले. बो टाय, कार्नेशन, मागे बांधलेले हात. मागून एक बाई खुसखुसली, "अगं, हा अगदी आपल्या क्रूडसनसारखा!" मी खुर्चीच्या कडेवर सरकले. आणि तो? तो खो खो हसत होता. बायकोला कोपर मारून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बघ, आमची नक्कल करतायत लेकाचे!" लोकही हसले, प्रेमाने. प्रेमाने! मी मुठी आवळल्या. म्हटलं, थांब, ऑपरेशन येऊ दे.

ऑपरेशन आलं. मुलगी टेबलावर. फॉइलसाहेबांनी सुरी उचलली. आणि तिथेच सेन्सॉरची कात्री. सुरी नाही, डॉक्टर नाही, चुकचुक नाही, अंड्याचं वाक्य नाही. त्या जागी पडदाभर नर्सचा चेहरा.

खोट्या पापण्या नव्हत्या. केस माझ्यासारखे मागे. वाकलेली, दोन्ही तळहात मुलीच्या गालांवर, आणि छातीवर माझं घड्याळ, त्या मुलीच्या डोळ्यांपुढे लोंबतंय. मुलीचा नुसता आवाज येत होता, डिसेंबर, नोव्हेंबर. नर्स तिच्याकडे बघत नव्हती. घड्याळाकडे बघत होती. तोंडाने मात्र म्हणत होती, इतकं मायेने की कुणालाही खरं वाटावं, "माझ्याकडे बघ, कोकरा. झालंच."

ती मीच होते. दोन मिनिटं ती तशीच होती आणि अख्ख्या थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग माझ्या शेजारून आवाज आला. "ऑक्टोबर. सप्टेंबर. ऑगस्ट." फ्लॉसी. पडद्यावरच्या मुलीबरोबर, तिच्याच चालीत, स्वच्छ. सतरा वर्षांत सलग तीन शब्द न बोललेली माझी बहीण. "जुलै. जून."

जूनला दोघीही थांबल्या. 'पुरे' हा शब्दसुद्धा कापला होता.

फ्लॉसीने मान वळवली. पडद्याकडे नाही, तीन रांगांपुढे बसलेल्याकडे नाही. माझ्याकडे. "म्यू," म्हणाली, "सोड."

मी तिचं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. कधी धरलं कळलंच नाही. सोडलं तेव्हा पाच बोटं उमटली होती.

बाहेर थिएटरच्या लॉबीत त्याने आम्हाला गाठलंच. "सिस्टर टॅप्सेल! काय नर्स उभी केलीय हो, अगदी तुम्ही! मी हिला आत्ताच म्हणत होतो, ही बाई डोक्याशी उभी असली की मला काळजी नसायची. हिच्याशिवाय माझं पानही हललं नसतं." मग फ्लॉसीकडे वळून, मान कलती करून, "आणि ही कोण?"

त्याला ती आठवतही नव्हती. फ्लॉसीलाही तो आठवत नव्हता. तिने त्याच्या कोटावरच्या फुलाकडे बघून हसून दिलं. त्या दिवशी त्याच्या तोंडावर मास्क होता आणि तो मागे उभा होता. तिला दिसत होते ते मीच.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

आज लिहून टाकते, मग पुढचं. मार्चमध्ये लिहिलं, 'कागदावर सही झाली'. ती आपोआप झाली नव्हती. सही मी केली होती. आई गेलेली, जवळची नातेवाईक मीच. दिवसभर ड्यूटी, घरी आल्यावर तिचं ओरडणं, मला झोप हवी होती. क्रूडसन म्हणाला, अंड्याचं टोक, आणि मला ते ऐकायचंच होतं. 'ओळखीचा चेहरा असला की बरं' असंही म्हणाला, म्हणून मी डोक्याशी उभी राहिले. ती 'म्यू, सोड' तेव्हाही म्हणाली होती. जूनच्या आधी. मी घड्याळ बघून वेळ लिहिली.

दुपारी इस्पितळाच्या मंडळाचं पत्र आलं, माणसाहाती. शनिवारी व्यासपीठावर मिस्टर क्रूडसन यांच्या शेजारी बसावं आणि जुन्या सहकारी म्हणून दोन मिनिटं बोलावं, त्यांचीच तशी इच्छा आहे. मी होकार कळवलाय. त्याला मी अजून सोडलेलं नाही, सोडणारही नाही. नातेवाइकांना काय सांगायचा, टेबलाशी काय गुणगुणायचा, सगळं बोलेन, जपानला गेलेलं सगळं. पण पहिलं वाक्य असेल, 'मिस्टर क्रूडसनचं नाव लावताय त्या पाटीवर माझंही लावा, डोकं मी धरलं होतं.' पुढच्या वाक्यापर्यंत मला बोलू देतील की नाही, ठाऊक नाही.

पत्र टपालात टाकून आले तर स्वयंपाकघरात फ्लॉसी नाही. फळीवर घड्याळ नाही. मागच्या अंगणातून ठक ठक आवाज. दगडी पायरीवर बसून ती कोळसे फोडायच्या हातोडीने घड्याळ फोडत होती. काच गेली होती, काटे गेले होते, चाकं इकडेतिकडे उडाली होती. मी दारातच उभी राहिले. जवळ गेले नाही, हात लावला नाही.

प्रत्येक घावाला ती एक शब्द म्हणत होती. "मे." ठक. "एप्रिल." ठक. "मार्च." ठक. घाई नव्हती तिला. फेब्रुवारीशी जरा अडली, हातोडी वर धरून विचार केला, आणि म्हणाली. मग जानेवारी म्हणाली, हातोडी खाली ठेवली आणि मला म्हणाली, "भूक."

मी अंडी उकडायला ठेवली. आज तिचं अंडं तिने स्वतः फोडलं.